टेहळणीची छोटी विमानवाहू नौका डिझाइन करताय? सुरुवात विमानांपासून करा

ज्यांना जुन्या युद्धनौकांचं वेड आहे पण जे घडलं तेवढ्यावर ज्यांचं समाधान होत नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. दोन महायुद्धांच्या मधली वीस वर्षं घ्यायची, एखादा निर्णय वेगळा झाला असं धरायचं आणि त्या आरमाराने मग काय बांधलं असतं ते वजनं-मापं काढून कागदावर उतरवायचं, असा हा छंद. मी दिवसा जहाजांच्या ड्रॉइंग ऑफिसमधे काम करते आणि रात्री हे करते, आणि खरं सांगायचं तर स्थिरतेची गणितं मला कॉलेजच्या वर्गापेक्षा या छंदातच जास्त नीट कळली. नेव्हल आर्किटेक्चरला जायचा विचार करणाऱ्या मुलामुलींनी तर हे जरूर करून बघावं.

नवीन माणूस बहुतेक वेळा तोफांपासून सुरुवात करतो. आठ इंची चार तोफा, मग चिलखत, मग 32 नॉट (म्हणजे तासाला 32 सागरी मैल) वेग, आणि शेवटी उरलेल्या जागेत विमानं किती बसतात ते बघू. टेहळणीच्या नौकेला हा क्रम पूर्ण उलटा लागतो. आधी किती समुद्र बघायचाय ते ठरवा, त्यावरून विमानं निघतात, विमानांवरून हँगर, हँगरवरून जहाजाची लांबी-रुंदी, आणि तोफा सगळ्यात शेवटी.

त्याच्याही आधी आरमार निवडायचं. मी नेदरलँड्स घेतलं, आणि का ते सांगते कारण निवड कशी करावी हे त्यातून कळेल. 26 ऑक्टोबर 1923 ला डच संसदेत आरमार वाढवायचा कायदा मतदानाला आला, ईस्ट इंडीज म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या बचावासाठी क्रूझर आणि पाणबुड्या बांधायचा तो कार्यक्रम होता, विरोधात दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या होत्या आणि कायदा 50 विरुद्ध 49 असा पडला. एका मताने! पर्यायी इतिहासाला यापेक्षा चांगला सांधा सहसा मिळत नाही. एक खासदार फिरला की पुढचं सगळं बदलतं आणि त्यासाठी कुठलाही चमत्कार घडवावा लागत नाही. शिवाय नेदरलँड्सने युद्धनौकांच्या आकारावर मर्यादा घालणाऱ्या वॉशिंग्टन करारावर सही केलेली नव्हती, तो करार अमेरिका, ब्रिटन, जपान, फ्रान्स आणि इटली या पाचांचा. त्यामुळे तुमच्या हाताला बांधणारी गोष्ट एकच, पैसा.

तुम्ही करारातलं आरमार घेणार असाल तर मात्र तारखा पाठ करा. फेब्रुवारी 1922 च्या त्या करारात 10,000 टनांच्या वरचं जहाजच विमानवाहू म्हणून मोजलं जायचं, त्याखालचं मोजणीतच नाही, आणि ही पळवाट 1930 च्या लंडन कराराने बंद केली. जपानची र्‍युजो याच पळवाटेचं अपत्य. बेत होता साधारण 8,000 टनांचा, एका हँगरचा. 1929 ला बांधणी सुरू झाली आणि पळवाट बंद झाल्यावर, आता मोजलं जाणारच आहे तर विमानं तरी दुप्पट घेऊ म्हणून वर दुसरा हँगर चढवला. पुढे काय झालं ते खाली येईलच.

आता समुद्र. नकाशा उघडा आणि सुराबायावर बोट ठेवा, डचांचा मुख्य तळ तो. शत्रू उत्तरेकडून येणार, मकासर सामुद्रधुनीतून किंवा मोलुक्का समुद्रातून, कारण त्याला बोर्निओमधलं ताराकान आणि बालिकपापानचं तेल हवंय. क्रूझरच्या तुकडीला तो येताना लवकर दिसला पाहिजे. समजा विमान 90 नॉटने चार तास उडतं. राखीव इंधन सोडून ते 150 सागरी मैल जाऊन परत येऊ शकतं. वरून दोन्ही बाजूंना 15-15 मैल दिसतं असं धरलं तर एका विमानाचा पट्टा 30 मैलांचा, सहा विमानांचा 180. दीडशे मैलांवर 180 मैलांचा कंस म्हणजे जवळपास 70 अंशांचा पंखा. सामुद्रधुनीचं तोंड झाकायला हे पुष्कळ झालं. चारही बाजू बघायच्या म्हटलं तर 31 विमानं लागतील, ते छोट्या जहाजाचं काम नाही, तो मोह इथेच सोडा. सहा हवेत, सहा पुढच्या फेरीसाठी, म्हणजे 12 टेहळणी विमानं. शत्रूची टेहळणी विमानं हाकलायला चार लढाऊ. एकूण 16. हा आकडा भिंतीवर चिकटवून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीवर तो वाढवायची इच्छा होणार आहे.

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायलाच हवा, की मुळात विमानवाहू नौका कशाला? डचांकडे डॉर्निए वाल या उडत्या नौका, म्हणजे पाण्यावरच उतरणारी मोठी विमानं होती, सुराबायाला मोरोक्रेम्बांगानचा तळ होता, हजारो बेटं आणि शांत खाड्या होत्या. त्यांच्या 1920 च्या दशकातल्या विनाशिकांवरसुद्धा एकेक छोटं फोकर समुद्री विमान ठेवलेलं होतं, टेहळणीची एवढी निकड होती. माझं मत असं की बेटांच्या आत वालच बऱ्या आणि स्वस्त. नौकेचं समर्थन दोनच गोष्टींवर उभं राहतं, ती क्रूझरच्या तुकडीबरोबर हलू शकते आणि तिच्याकडे लढाऊ विमानं असतात. यातली एक जरी डिझाइनमधून निसटली तर समुद्री विमानांची मदतनौका बांधलेली परवडली. ऑस्ट्रेलियाने 1929 ला अल्बट्रॉस तेच म्हणून बांधली, नऊ विमानं, क्रेनने उतरवायची-चढवायची, वेग 22 नॉट. क्रूझरबरोबर धावणं तिला जमण्यासारखं नव्हतं आणि 1933 ला ती सेवेतून बाजूलासुद्धा झाली. स्वीडनची 1934 ची गॉटलंड बघा, साधारण 4,700 टनांत सहा इंची सहा तोफा आणि मागे विमानं, दिसायला फार देखणी, पण विमान उडवायला कॅटापल्ट, म्हणजे विमान भिरकावणारं यंत्र, आणि परत घ्यायला क्रेन. पुढे युद्धात तिची विमानं काढून विमानविरोधी क्रूझरच केली. अर्धी क्रूझर-अर्धी विमानवाहू अशी डिझाइन्स नवीन लोकांना फार भुरळ घालतात, अमेरिकेनेही 1930 च्या सुमाराला तशी एक कागदावर आणली होती, कधी बांधली नाही.

वेग किती? इथे हवामान बघा. विषुववृत्ताजवळ कित्येकदा वारा पडलेला असतो, म्हणजे डेकवरून वाहणारा वारा जहाजाने स्वतःच तयार करायचा. साधारण 50 नॉटला उतरणारं विमान आणि 28 नॉटने धावणारं जहाज, म्हणजे वारा शून्य असला तरी डेकच्या हिशेबाने विमान 22 नॉटने येतंय, तेवढं पेलतं. जपानच्या होशो या विमानवाहू नौकेला साधारण 9,500 टनांना 25 नॉटसाठी 30,000 अश्वशक्ती लागली. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते असं ढोबळ धरा, तर तेवढ्याच जहाजाला 28 साठी 42,000 आणि 30 साठी 52,000. म्हणजे शेवटच्या दोन नॉटची किंमत 10,000 अश्वशक्ती, वर त्यांचे बॉयलर, त्यांचं तेल, त्यांची धुरांडी. डचांच्या जावा आणि सुमात्रा या क्रूझर 30 च्या वर धावायच्या पण त्या काही दिवसभर तशा धावत नव्हत्या, मी 28 वर थांबले.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, रुंदी. माझं जहाज पाण्याच्या रेषेवर 165 मीटर लांब, 19.5 रुंद, 5.8 मीटर खोल बुडणारं, ब्लॉक गुणांक 0.50, म्हणजे लांबी-रुंदी-खोलीच्या ठोकळ्यातला निम्मा भाग जहाज व्यापतं. गुणाकार केला की 9,330 घनमीटर, समुद्राच्या पाण्यात जवळपास 9,560 टन, तेल-पाणी भरून. स्टँडर्ड वजन, म्हणजे तेल-पाणी सोडून, 8,000 च्या आसपास येतं. आता स्थिरता. पाण्याच्या रेषेच्या क्षेत्राचा जडत्वाघूर्ण (त्या आकारामुळे जहाज कलायला किती विरोध करतं त्याचं माप) लांबी गुणिले रुंदीचा घन आणि साधारण 0.042 ने गुणून काढला की 51,000 च्या वर जातो, त्याला घनफळाने भागा, 5.5 मीटर. उत्प्लावन केंद्र, म्हणजे बुडालेल्या भागाचा मध्य, तळापासून 3.2 वर धरा, बेरीज 8.7. गुरुत्वमध्य 7.9 मीटरवर ठेवता आला तर हातात 0.8 मीटर उरतात, कललेलं जहाज परत सरळ होण्याची ताकद यावरच ठरते. आता कोणीतरी म्हणतं वेगासाठी जरा सडपातळ करू, रुंदी 18.5. तोच हिशेब परत करा, 5.5 चे 4.95 होतात आणि 0.8 मधले 0.25 उरतात. एक मीटर रुंदी कापली आणि दोन तृतीयांश स्थिरता गेली! रुंदी घनात येते म्हणजे काय हे मला त्या कोष्टकासमोर बसल्यावर जसं दिसलं तसं पुस्तकातल्या सूत्रात कधी दिसलं नव्हतं. दुसरा प्रयोग, रुंदी 19.5 च ठेवा आणि गुरुत्वमध्याच्या आठ मीटर वर 500 टनांचा दुसरा हँगर चढवा. गुरुत्वमध्य 40 सेंटिमीटर वर सरकतो, म्हणजे 0.8 चे थेट निम्मे. र्‍युजोचं नेमकं हेच झालं. मार्च 1934 ला तोमोझुरु ही जपानी टॉर्पेडो बोट वादळी समुद्रात उलटली तेव्हा सगळ्या आरमाराचे हिशेब परत तपासले गेले, र्‍युजोला बाजूचे फुगवटे (सांगाड्याला बाहेरून जोडलेले, रुंदी वाढवणारे कप्पे) मजबूत करावे लागले, तळाला वजन घालावं लागलं, बारा तोफांमधल्या चार काढल्या. 1935 च्या तुफानात परत मार खाल्ला आणि पुढचा भाग एक मजला उंच करावा लागला.

स्प्रिंगशार्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर या छंदात सगळे वापरतात, तुम्हीही वापरा, पण ते मुळात तोफावाल्या जहाजांसाठी आहे हे लक्षात असू द्या. हँगर, फ्लाइट डेक, लिफ्ट, विमानांचं पेट्रोल, वर्कशॉप हे सगळं त्याला किरकोळ वजन म्हणून तुम्हीच सांगायचं असतं, आणि नव्या आवृत्तीत ते कुठल्या उंचीवर आहे तेही सांगता येतं, तिथे आळस केला तर सॉफ्टवेअर खुशाल सांगेल की तुमचं जहाज एकदम स्थिर आहे. म्हणून वजनांचा तक्ता वेगळा ठेवा, प्रत्येक ओळीत वजन आणि तळापासूनची उंची. माझ्या रोजच्या कामातही हाच तक्ता असतो, फक्त ओळी जास्त.

हँगर काढताना विमानाचं चित्र मापात कापून कागदावर फिरवून बघा, क्षेत्रफळाला भागाकार करून विमानं मोजू नका. फेअरी थ्रीएफसारखं त्या काळचं टेहळणी विमान पंख पसरून साधारण 14 मीटर, पंख मिटले की जागा खूप वाचते, पण मिटलेल्या पंखांच्या बाजूने मेकॅनिक जायला हवा, इंजिन उतरवायला हवं, आणि दोन लिफ्टच्या चौकोनात काही ठेवता येत नाही. मुंबईत विक्रांत म्युझियम म्हणून उभी होती, 2001 ते 2012, तेव्हा लहानपणी तिच्या हँगरमधे गेले होते, आणि एवढ्या मोठ्या जहाजातसुद्धा विमानांमधून चालताना अंग चोरावं लागत होतं हे डोक्यात पक्कं बसलंय. ती जवळपास 20,000 टनांची होती, आपलं जहाज तिच्या निम्म्याहून कमी.

पेट्रोलचा हिशेब सोपा आहे पण लोक विसरतात. एका फेरीला साधारण 480 लिटर, 12 विमानं रोज एकेकदा, दोन आठवडे, म्हणजे 80,000 लिटर, 58 टन. टाक्या ब्रिटिशांसारख्या जहाजाच्या सांगाड्यापासून सुट्ट्या ठेवा, आजूबाजूला रिकामी जागा सोडून. सांगाड्याचाच भाग असलेल्या टाकीला धक्का बसून वाफ गळली की काय होतं ते जपानच्या ताइहो या विमानवाहू नौकेने 1944 ला दाखवलं.

धुराचं काय करायचं हे चित्र काढताना लक्षात येतं. होशोची तीन धुरांडी उजव्या बाजूला, विमान उतरताना आडवी करायची, अमेरिकेच्या रेंजरला दोन्ही बाजूंना तीन-तीन तशीच. होशोवर सुरुवातीला छोटा मनोरासुद्धा होता, वैमानिकांना अरुंद डेकवर अडचण व्हायची म्हणून 1924 ला तो काढला. ब्रिटनच्या हर्मीसने उजवीकडे मोठा मनोरा ठेवून धुरांडं त्यातच घेतलं, मला छोट्या जहाजावर हेच पटतं कारण आडवी धुरांडी हँगरची बाजू खातात. पण मनोऱ्याचं वजन डाव्या बाजूला तोलावं लागतं, तेही तक्त्यात घाला.

तोफा आता. 120 मिलिमीटरच्या चार, विनाशिकांवर होत्या त्याच, म्हणजे दारूगोळा एकच. विमानविरोधी म्हणून 40 मिलिमीटरची बोफोर्स टाकायचा मोह होईल कारण डच क्रूझर डी रायटरवर त्या होत्या, पण डी रायटर 1936 ची. तुमचं जहाज 1926 ला बांधायला घेतलं असेल तर ती तोफ तेव्हा अस्तित्वातच नाही. नवीन डिझाइनवर जाणकार पहिलं बोट इथेच ठेवतात. उतरणारं विमान अडवून थांबवायच्या आडव्या तारांचंही तसंच, ब्रिटिशांनी 1920 च्या दशकात आधी डेकवर लांबीच्या दिशेने तारा वापरून पाहिल्या, मग काही वर्षं काहीच नाही, आडव्या तारा 1930 नंतर. म्हणून कागदावर दोन स्तंभ ठेवा, बांधणीच्या वेळचं आणि 1936 च्या दुरुस्तीनंतरचं.

त्या दुसऱ्या स्तंभात विमानं जड झालेली असतील, डेकला जास्त भार पेलायचा असेल, बोफोर्स आणि तिची नेम धरायची यंत्रणा वर चढणार असेल. हे सगळं तक्त्यात टाका आणि ते 0.8 मीटर परत मोजा. माझे 0.6 च्या खाली जायला लागले तेव्हा मी विमानं 16 वरून 12 वर आणली, त्यातली आठ टेहळणीची, म्हणजे एका वेळी हवेत चार आणि पंखा 45 अंशांचा. मकासरसाठी तेवढा पुरतो, मोलुक्का समुद्र मात्र वालकडे सोपवावा लागला.