कुत्र्याला चघळायला काय द्यायचं? आधी नख लावून बघा

आमच्या गोट्याची दाढ तुटली ते आम्हाला कळलंच नव्हतं. जेवत होता, खेळत होता, फक्त चावताना मान जरा डावीकडे वाकडी करायचा आणि आम्ही म्हणायचो बघा काय स्टाईल मारतोय. मग व्हेटने ओठ वर करून दाखवलं तर वरच्या जबड्यातली ती सगळ्यात मोठी दाढ, तिचा बाहेरचा पापुद्रा उभाच्या उभा निघालेला आणि मधोमध एक गुलाबी ठिपका. तो ठिपका म्हणजे आतली नस. कारण काय, तर आम्हीच मोठ्या हौसेने आणलेलं हरणाचं शिंग, 'नॅचरल' आहे, महिनोन् महिने टिकतं म्हणून घेतलं होतं. आता टिकतं म्हणजे दातापेक्षा कडक आहे हे आमच्या डोक्यात यायला पाहिजे होतं, नाही आलं. त्या दाढेला तीन मुळं असतात, त्यामुळे काढायची म्हणजे पूर्ण भूल देऊन छोटं ऑपरेशनच.

तेव्हापासून माझा नियम सोपा आहे. कुठलाही च्यू, म्हणजे कुत्र्याने चघळायची वस्तू, हातात घ्यायचा आणि अंगठ्याचं नख त्यात जोरात रुतवायचं. थोडी तरी खूण उमटली, दबलं, वाकलं तर पुढचा विचार. काहीच झालं नाही तर परत ठेवायचं. दुसरी टेस्ट अजून सोपी, ती वस्तू स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीवर मारून घ्यायची कल्पना करा, नुसत्या विचाराने 'आई गं' झालं तर ती कुत्र्याच्या दातालाही नको. या दोन टेस्टमध्ये शिंगं, खूर, मोठी हाडं, कडक नायलॉनची हाडं सगळी नापास होतात, बर्फाचे मोठे खडे पण. याकच्या दुधाचे ते चीजचे दांडे पण बरेचसे दगडच असतात. लांडगे हाडं खातात हो, पण दात त्यांचेही तुटतात.

शिजवलेलं हाड तर विषयच नको, मग ते कुठलंही असो. शिजलं की ते ठिसूळ होतं आणि चावलं की टोकदार चिरफळ्या निघतात, त्या घशात नाहीतर आतड्यात रुततात. पॅकेटमधली भाजलेली, स्मोक केलेली हाडं पण यातच आली, पॅकेटवर कुत्र्याचा हसरा फोटो असला तरी.

कडकपणा झाला, आता साईज. च्यू कुत्र्याच्या थोबाडापेक्षा लांब पाहिजे, म्हणजे तो आख्खा तोंडात जायलाच नको. पण माझ्या मते खरा घोळ सुरुवातीला होतच नाही, शेवटच्या तुकड्याला होतो. अर्धा तास छान चघळतो, आपण मोबाईल बघत बसतो, आणि उरलेला बोटाएवढा तुकडा साहेब एका झटक्यात गट्टम करतात, त्यातून तुम्ही घ्यायला हात पुढे केला तर अजूनच घाईत गिळतात. म्हणून हिसकावायचं नाही, नाकासमोर काहीतरी भारी खाऊ धरायचा, तो तोंड उघडतो, तेव्हा तुकडा उचलायचा. आणि हे पहिल्या दिवसापासून करायचं, म्हणजे त्याला वाटतं की तुकडा दिला की चांगलंच काहीतरी मिळतं.

आता तुमचा कुत्रा कसा खातो ते बघा, हे पॅकेटवर कोणी लिहीत नाही. काही जण एक टोक धरून कुरतडत बसतात, त्यांना बरंच काही चालतं. पण गिळूभाई असेल तर रॉहाइड मी देणार नाही. ते जनावराच्या कातड्याचा आतला थर असतो, ओलं झालं की फुगतं आणि लिबलिबीत होतं, मोठा तुकडा गिळला तर पोटात सहज विरघळत नाही, अडकतो. बुली स्टिक, म्हणजे बैलाचं लिंग वाळवून केलेली कांडी (हो, तेच), पचायला त्यापेक्षा बरी, पण कॅलरी भरपूर. दिवसभरातल्या सगळ्या खाऊच्या कॅलरी मिळून एकूण खाण्याच्या 10 टक्क्यांच्या आत पाहिजेत, त्यात ही पण धरायची, छोट्या कुत्र्याचा तर तेवढ्यातच कोटा संपतो. आणि असले वाळवलेले प्राण्यांचे भाग हाताळले की हात साबणाने धुवा, 2019 मध्ये अमेरिकेत डुकराच्या कानांच्या ट्रीट्समधून माणसांनाच साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची लागण झाली होती.

दात साफ व्हावेत म्हणून घेत असाल तर व्हीओएचसीचा शिक्का आहे का बघा, ही कुत्र्या-मांजरांच्या दातांसाठीची प्रॉडक्ट्स प्लाक (दातांवरचा चिकट थर) आणि टार्टर (तोच थर कडक झालेला) कमी करतात का ते तपासणारी पशुवैद्यकांची संस्था आहे. पण शिक्का दातांच्या सफाईपुरता, साईज तुम्हीच वजनाप्रमाणे घ्यायची. घटकांच्या यादीत झायलिटॉल किंवा बर्च शुगर (साखरेऐवजी वापरतात त्या एकाच गोड पदार्थाची दोन नावं) दिसलं तर पॅकेट खाली ठेवा, कुत्र्यांना ते विष आहे.

पिल्लांचं वेगळं. त्यांचे 28 दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात, हिरड्या शिवशिवतात, दिसेल ते चावतात. त्यांना मऊ रबराचं खेळणं पाण्यात भिजवून गार करून द्या, आत थोडं त्यांचंच खाणं भरलं तर अजून मजा. म्हाताऱ्या कुत्र्यांनाही हेच, आमचा गोट्या आता याच्यावरच असतो आणि खूश असतो.

काही गिळलंय अशी शंका असेल आणि सारखी उलटी होतेय, खात नाही, पोट दुखल्यासारखं आखडून बसतोय, शी करताना जोर लावतोय पण होत नाही, तर उद्या बघू म्हणू नका, लगेच व्हेटकडे. श्वासच अडकला असेल तर मिनिटं पण नसतात. आणि दोरीचं खेळणं फाडून धागे गिळले आणि एखादा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका हं, दुसरं टोक आत कुठे गुंतलेलं असेल तर आतडं कापलं जाऊ शकतं. तसाच ठेवून डॉक्टरकडे घेऊन जा.