अभंग-भारूड ऐकताना अर्थ कसा लावायचा

अभंग कानाला गोड लागतो, पण त्याचा अर्थ विचारला की बरेच श्रोते थेट जीव-शिव, माया, मोक्ष इथपर्यंत उडी मारतात. गडबड तिथेच होते. संतांनी आधी विंचवाची, कावळ्याची, उसाची, भाकरीची गोष्ट सांगितली आहे. ती धड कळली नाही तर तिच्या मागचं काहीच हाती लागत नाही. म्हणून आधी शब्द पकडायचे, मग बोलतंय कोण ते पाहायचं, मग साधा अर्थ पुरा लावायचा. अध्यात्म सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा ऐकताना हातात पुस्तक घेऊ नका. दोनदा नुसतं ऐका, तिसऱ्यांदा ऐकू येईल तसं लिहून काढा आणि मगच छापील पाठाशी ताडून बघा. कुठे चुकलो ते आपल्याच अक्षरात समोर दिसतं. चुका बहुधा ठरावीक जागी होतात. गायक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला शब्द मध्येच तोडतो, एखादं अक्षर लांबवतो किंवा ‘हो’, ‘गे’, ‘रे’ पदरचे घालतो.

अशा वेळी अक्षरं मोजावीत. मोठ्या अभंगात प्रत्येक कडव्याचे चार तुकडे असतात, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं. ‘सुंदर तें ध्यान / उभें विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’ हे बोटांवर मोजून पाहा. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाकडे पाहायचं नाही. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन तुकडे: ‘जे का रंजले गांजले / त्यासी म्हणे जो आपुले’. लिहून घेतलेल्या ओळीत दोन-तीन अक्षरं जास्त भरली तर ती बहुधा गायकाची असतात. कमी पडली तर आपल्या कानातून एखादा शब्द निसटला. एखादं अक्षर इकडेतिकडे झालं तर मात्र हटून बसू नये. संत काही वृत्तदर्पणासारखं छंदांचं पुस्तक उशाला घेऊन बसले नव्हते. चोखोबांच्या ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा’ मध्ये चारही तुकडे सहा-सहाचे आहेत.

शब्द हाती आले की ते दोन ढिगांत टाका. एका ढिगात उघडच न कळणारे: पैल म्हणजे पलीकडे, कैं म्हणजे कधी, पढिये म्हणजे आवडतं, नोहे म्हणजे नव्हे. यांचा त्रास फारसा नाही, कोश उघडला की झालं. घात करतात ते दुसऱ्या ढिगातले, ओळखीचे वाटणारे. तुकोबांच्या ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी’ मधला ‘उदास’ म्हणजे खिन्न नव्हे, तर अलिप्त. आणि ‘वेच’ म्हणजे खर्च. पैसा चांगल्या मार्गाने कमवावा आणि त्यात जीव न गुंतवता खर्चावा, असं ते सांगतात. आजचा अर्थ धरला तर माणूस तोंड पाडून पैसे मोजताना दिसतो! तसंच ‘डोंगा’ म्हणजे इथे वाकडा. होडीचा काही संबंध नाही. सोपा वाटणारा शब्द ओळीत नीट बसत नसेल तर तोच आधी तपासा.

मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश हे तिन्ही इंटरनेटवर फुकट चाळता येतात. शोधताना शेवटचा उकार काढून टाका: चांदु, चंदनु, वेधु यांच्याऐवजी चांद, चंदन, वेध. ‘वो’ आणि ‘गे’ हे बाईला किंवा सखीला हाक मारायचे शब्द आहेत; त्यांना वेगळा अर्थ नाही, पण समोर कोण आहे ते त्यांच्यावरूनच कळतं.

इथूनच पुढचा प्रश्न निघतो: कोण बोलतंय आणि कोणाशी? ज्ञानदेवांच्या ‘पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे’ मध्ये रचणारा पुरुष आहे, बोलणारी मात्र वाट पाहणारी स्त्री. अशा रचनांना विराणी म्हणतात. ती आधी आईशी किंवा सखीशी बोलते, मग वळून कावळ्याशी: तुझे पाय सोन्याने मढवीन, दहीभाताची उंडी तोंडाला लावीन, पण पाहुणे पंढरीराव घरी कधी येतील ते सांग. कावळा ओरडला की पाहुणा येतो ही घराघरातली समजूत ठाऊक नसेल तर ओळ कोरडी पडते. या कावळ्याला लगेच ‘प्राण’ किंवा ‘मन’ करून टाकायची घाई नको. आधी ती बाई, तो दहीभात, अंगणापलीकडचा तो कावळा डोळ्यांपुढे उभा राहू द्या. एवढं झालं की पंढरीराव हा कसा पाहुणा आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

बोलणारा खरा कोण, हे काही वेळा अर्थच पालटून टाकतं. ‘वरलिया रंगाला काय भुललास’ हा उपदेश कुठल्या कीर्तनकाराने केला असता तर तो गुळगुळीत सुविचार झाला असता. देवळाच्या आत पाऊल टाकायची ज्यांना बंदी होती ते चोखोबा हे बोलतात, आणि पुढे ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’ म्हणून स्वतःलाच दाखल्यात उभं करतात. मग ‘भुललासी’ हा प्रश्न नेमका कोणाला विचारला आहे ते लख्ख दिसतं.

शेवटच्या कडव्यातली मुद्रा, म्हणजे कवीच्या नावाची खूण, त्यासाठीच नीट ऐकायची. ‘एका जनार्दनी’ हे पुष्कळांना ‘ऐका जनार्दनी’ ऐकू येतं. तो ‘एका’ म्हणजे एकनाथ, आणि जनार्दन म्हणजे देवगिरीचे त्यांचे गुरू जनार्दनस्वामी. ‘बापरखुमादेवीवरु’ ही ज्ञानदेवांची मुद्रा. रखुमादेवीचा वर म्हणजे विठ्ठल, तोच माझा बाप. आणि ज्ञानदेवांच्या आई-वडिलांची नावंही रुक्मिणी आणि विठ्ठलच होती, त्यामुळे ती दोन्हीकडे लागते. मुद्रा हा कर्त्याचा पक्का पुरावा मात्र नाही. ‘तुका म्हणे’ जोडून मागाहून रचलेलं पुष्कळ आहे, आणि नामदेवांच्या नावावर विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्याही रचना मिसळल्या आहेत.

भारुडात तर उघडच दोन पदर असतात: वर रोजच्या जगण्यातली गोष्ट, आत अध्यात्म. एकनाथांचं (१५३३–१५९९) ‘विंचू चावला’ घ्या. वहीत दोन रकाने आखा. डावीकडे नुसती घटना लिहा: चावला, घाम आला, प्राण कासावीस झाला, अंगाचा दाह झाला, मग उतारा, अंगारा, वेदना उतरली. गावात विंचू उतरवायला बसतात तोच हा क्रम आहे. उजव्या रकान्यात फक्त तेच लिहा जे कवीने स्वतः सांगितलं आहे: विंचू म्हणजे काम-क्रोध, घाम म्हणजे तम, अंगारा म्हणजे सत्त्वगुण. बाकीच्या जागा कोऱ्या राहू द्या. प्रत्येक वस्तूला गुपित अर्थ चिकटवायचा हट्ट ही या प्रकारातली सर्रास चूक आहे. ‘दादला’ भारुडात जोंधळ्याची भाकर आणि अंबाड्याची भाजी आहे, पण भाजीवर तेलाची धार नाही. त्या तेलाचं तत्त्वज्ञान करत बसू नका. घरात तेल नाही एवढंच ते आहे, आणि भारुडाची गंमत त्यातच आहे.

याच्या उलट काही रचनांना साधा अर्थ मुळी लागतच नाही. मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडते आणि सूर्य गिळते, माशी व्याली तर घार होते. असं अशक्य चित्र लागोपाठ तीन-चारदा आलं की ही कूटरचना, म्हणजे कोड्यासारखी रचना, आहे असं समजावं आणि एकेका प्राण्याचा पत्ता शोधण्याऐवजी त्यांच्यातलं सामाईक सूत्र पकडावं. इथे दर वेळी लहानाने मोठ्याला ओलांडलं आहे. ‘कानडा वो विठ्ठलु कर्नाटकु’ सारख्या ओळीत वेगळंच होतं. कानडा म्हणजे कन्नड मुलखातला, आणि कानडा म्हणजे न कळणारा. दोन्ही अर्थ त्या शब्दाला आहेत, म्हणून एक निवडायची गरज नाही.

शेवटी, तुम्ही ऐकलं ते पूर्ण आहे का, हे पाहा. मैफलीत बहुधा तीन-चार कडवीच गातात. संगीत भजनात गायक मध्येच दुसऱ्या अभंगाची ओळ प्रमाण म्हणून घालतो; ती याच अभंगाची समजलात तर अर्थ भरकटतो. छापील प्रतींतही पाठभेद असतात, तेव्हा दोन तरी गाथा (अभंगांचे छापील संग्रह) ताडाव्यात. खुद्द एकनाथांना ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत भेसळ दिसली आणि त्यांनी १५८४ मध्ये ती शुद्ध केली.

गाळलेलं कडवं किती महत्त्वाचं असतं ते विंचवाच्याच भारुडात पाहा. अंगारा लावला, विंचू झरझर उतरला, इथे गाणं थांबलं तर औषधाची जाहिरात वाटते. पुढच्या कडव्यात एकनाथ म्हणतात, ‘किंचित राहिली फुणफुण, शांत केली जनार्दनें’. उतारा देऊनही थोडी ठणक उरली होती, आणि ती आपल्याला नव्हे, गुरूलाच शमवता आली.