घरातील जुनी कीर्द कशी वाचावी आणि तिच्यावरून आपली रोजनिशी कशी लिहावी

गोव्यातील जुन्या घरांत माळ्यावरच्या पेटाऱ्यात कापडात बांधलेल्या जमाखर्चाच्या वह्या अजूनही सापडतात. ते कापड म्हणजे बासन. एखादे प्रकरण बंद पडले की ते ‘बासनात गुंडाळले’ असे आपण म्हणतो. मुळात मात्र कागद बासनात जाई तो टिकावा म्हणून. अशी वही हाती आल्यास ती पावसाळ्यात उघडू नये, कारण दमट हवेत पाने एकमेकांना चिकटलेली असतात आणि ओढताच फाटतात. नोव्हेंबरनंतरच्या कोरड्या दिवशी, सावलीत, मऊ कुंचल्याने धूळ झाडत एकेक पान सोडवावे. उन्हात वाळवल्यास शाई विटू शकते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो: काही वर्षांत टेप सुटली आणि तिच्या डिंकाचा पिवळा डाग अक्षरांवर कायमचा राहिला.

वाचण्याआधी वहीचा प्रकार ओळखावा. ज्या वहीत दिवसामागून दिवस जमाखर्च मांडला आहे आणि शेवटी शिल्लक काढून ती दुसऱ्या दिवसावर ओढली आहे, ती रोजकीर्द, म्हणजेच कीर्द. त्याच नोंदी कुळाच्या, दुकानदाराच्या किंवा देवस्थानाच्या नावाखाली एकत्र केल्या असतील, तर ती खतावणी. लिपी मोडी असल्यास धीर सोडू नये. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहिली जातात, शब्दांत जागा सोडली जात नाही आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही. तेव्हा आधी ठाऊक असलेली नावे, म्हणजे घराण्याचे, गावाचे व ग्रामदेवतेचे नाव, शोधावीत आणि त्यांतील अक्षरांवरून पुढची अक्षरे लावावीत. मिती, म्हणजे तारीख, शकात असते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवले की इसवी सन येतो. पोर्तुगीज अमदानीच्या उत्तरकाळातील रकमा वाचताना रुपयाचे १६ तांग (तेव्हाचे नाणे) धरावेत. १९५८ मध्ये एका रुपयास ६ एस्कुदो (पोर्तुगीज चलन) या दराने चलन बदलले, म्हणून शके १८८० च्या सुमारास सगळे आकडे एकदम फुगलेले दिसले तर घरात सुबत्ता आली असा समज करून घेऊ नये.

आता खरे वाचन. कीर्दीत मनातले काही नसते, आणि मला तेच तिचे बळ वाटते. पाडेल्यास, म्हणजे नारळ पाडणाऱ्यास, दिलेली मजुरी दर पाडपीला (नारळ पाडण्याच्या वेळी) नोंदलेली असते. मधेच दोन वेळा ती नोंद गळते, त्याच सुमारास वैद्याचे पैसे वाढतात आणि चवथीच्या सामानाचा खर्च निम्म्यावर येतो. एवढ्यावरून त्या वर्षी घरात काय चालले होते ते कळते, आणि लिहिणाऱ्याने दुःखाचा शब्दही काढलेला नसतो. म्हणून वाचताना असलेल्या नोंदींइतक्याच नसलेल्या नोंदीही टिपून ठेवाव्यात. ‘रोजनिशी’ हा शब्दसुद्धा याच दफ्तरी घराण्यातला: लिहिणारा या अर्थाचा फारसी ‘नवीस’ चिटणीस व फडणीस यांत आहे, तोच येथेही आहे.

आज रोजनिशी ब्लॉगवरही, म्हणजे संकेतस्थळावरच्या तारीखवार नोंदवहीतही, लिहिली जाते; त्या ब्लॉगचे मूळही असेच हिशेबी आहे. गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा ओंडका, म्हणजे ‘लॉग’, बांधून तो समुद्रात सोडायचा आणि ठरावीक वेळात किती गाठी सरकल्या यावरून जहाजाचा वेग काढायचा, अशी खलाशांची रीत होती. तो वेग ज्या वहीत चढवीत ती लॉगबुक. याच शब्दावरून जॉर्न बार्जर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये ‘वेबलॉग’ हे नाव रूढ केले आणि १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गमतीने त्याची फोड ‘वी ब्लॉग’ (आम्ही ब्लॉग करतो) अशी केली; त्यातून ‘ब्लॉग’ हा शब्द उरला. ब्लॉगवर तारखेचा क्रम म्हणजे कीर्द आणि विषयवार वर्गवारी म्हणजे खतावणी. फरक इतकाच की येथे ताजी नोंद सर्वांत वर येते.

तेव्हा आपली रोजनिशी वहीत लिहा वा ब्लॉगवर, आरंभ तारीख, वार आणि गाव यांनी करावा. मग त्या दिवशी दिलेली किंवा घेतलेली एक वस्तू किमतीसह लिहावी, भेटलेल्या एका माणसाचे नाव आणि त्याच्याशी असलेले नाते लिहावे, आणि पाऊसपाण्याची एक ओळ घालावी. मनातले लिहायचे असेल तर ते यानंतर. दिवस चुकला तर मागाहून आठवून भरू नये. कोरी जागा खरी असते. शेवटी शिल्लक ओढावी, म्हणजे उद्यावर राहिलेले काम एका वाक्यात नोंदवावे.

संकेतस्थळावर सर्वस्वी विसंबू नये. लोकांना स्वतःची पाने मांडू देणारे जिओसिटीज हे संकेतस्थळ २००९ मध्ये बंद झाले, तेव्हा लोकांची असंख्य घरगुती पाने त्याच्यासोबत गेली. वर्षअखेरीस सगळ्या नोंदी साध्या कागदावर छापून घ्याव्यात, सुती दोऱ्याने शिवाव्यात आणि जुन्या कीर्दीशेजारी त्याच बासनात ठेवाव्यात.