आईचा ‘अंदाज’ वजनात कसा उतरवावा: पुरणपोळी शिकताना

“आई, गूळ किती घातलास?”
“डाळीइतकाच. थोडा कमी.”
“थोडा म्हणजे?”
“अगं, अंदाजानं घालायचा.”

शिकणाऱ्याची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. आई काही लपवत नसते. तिचं माप हातात मुरलेलं असतं आणि ते शब्दांत सांगायची वेळ तिच्यावर कधी आलेलीच नसते. म्हणून ते आपण तोलून घ्यायचं.

होळीच्या दिवशी शिकायला बसू नका. नैवेद्याच्या घाईत कुणालाच नीट दाखवता येत नाही. एखादा निवांत रविवार धरा आणि पाव किलो हरभरा डाळीचाच घाट घाला. साधारण १२ पोळ्या होतात.

पहिली खेप: बघा आणि तोला

डिजिटल वजनकाटा आणि वही जवळ ठेवा. आईला मात्र मोजायला सांगू नका, मोजायला लागलं की तिचा नेहमीचा हात चालत नाही. गुळाचा, कणकेचा, तेलाचा डबा आधी तोला, तिला हवं तेवढं घेऊ द्या आणि पुन्हा तोला. जो फरक येईल ते तिचं माप. चिमूटभर मीठ किंवा वेलचीपूड साध्या काट्यावर दिसत नाही. अशा वेळी तिला दहा चिमटी एका वाटीत टाकायला लावा आणि येईल त्या वजनाला दहानं भागा. तिची रोजची वाटीही पाण्यानं भरून तोलून ठेवा. १५० ग्रॅम पाणी मावलं, तर वाटी १५० मिलिलिटरची.

प्रश्नही बदला. “किती वेळ शिजवू?” असं विचारलंत तर “होईपर्यंत” हेच उत्तर येणार. “झालं हे कशावरून ओळखलंस?” असं विचारा, मग खरी माहिती बाहेर पडते.

वहीत साधारण हे उतरेल

डाळ २५० ग्रॅम, दोन तास भिजवलेली. कट हवा म्हणून पाणी १ लिटर, त्यात चमचाभर तेल आणि चिमूटभर हळद. कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या. दाणा दोन बोटांत दाबला की त्याचं पीठ व्हायला हवं, मधे कणी लागता कामा नये. ही तपासणी कधीही टाळू नका, कारण गूळ पडल्यावर डाळ पुढे शिजत नाही. कच्ची राहिली तर शेवटपर्यंत कचकच लागते.

डाळ चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. खालचं पाणी म्हणजे कट, काही भागांत येळवणी. ते जपून ठेवा. डाळीत २२५ ते २५० ग्रॅम चिरलेला गूळ घालून जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर आटवा. आधी ते पातळ होतं, त्यानं घाबरू नका. पंधरा-वीस मिनिटांत कडा सुटायला लागतात. मधोमध रोवलेलं उलथनं आधाराशिवाय उभं राहिलं की गॅस बंद. वेलची-जायफळ आता घाला, आणि पुरण गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार झालं की ते यंत्रातून उतरत नाही.

कणीक २०० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, मीठ, हळद आणि सुमारे १७५ मिलिलिटर पाणी. नेहमीच्या पोळीपेक्षा बरीच सैल भिजवा, मग ३-४ चमचे तेल थोडं थोडं घालत तिंबा आणि दोन तास झाकून ठेवा. पिठाप्रमाणे पाणी थोडं कमी-जास्त लागतं.

पोळी का फुटते

गार पुरण आणि कणीक एकाच बोटानं दाबून बघा. दोन्ही सारखीच दबली पाहिजेत. पुरण घट्ट असलं की ते कणीक फाडून बाहेर येतं. सैल असलं की लाटताना एका बाजूला सरकतं. सैल पुरण पुन्हा आटवता येतं, घट्ट झालेल्यात चमचाभर कट मिसळून घोटायचं.

कणीक ३५ ग्रॅम, पुरण ६० ग्रॅम असा उंडा करा. तोंड बंद करताना वर राहिलेली जादा कणीक चिमटून काढा, नाहीतर मधे जाड गाठ राहते. तांदळाच्या पिठीवर कडेकडेनं लाटा. लाटणं मधे दाबलंत तर कडा पुरणाशिवाय राहतात. तव्यावर टाकण्याआधी पिठी झटका. आच मध्यम ठेवा: मंद तव्यावर पोळी वातड होते, फार तापल्यावर डाग पडूनही आत कच्ची राहते.

पुढच्या खेपा

दुसऱ्या वेळी पुरण तुम्ही करा, पोळ्या आईला लाटू द्या, आणि फोन ओट्याला टेकवून फक्त तिच्या हातांचं चित्रण करा. मनगट किती हलकं फिरतं हे वहीत उतरत नाही. तिसऱ्या वेळी आईला खुर्चीवर बसवा आणि सगळं स्वतः करा. ती “थांब” म्हणेल ती जागा लगेच लिहून घ्या. स्वतः करताना हे तिच्या लक्षातच येत नसल्यानं आधी सांगायचं राहून गेलेलं असतं.

आणि कट टाकू नका. भाजलेलं सुकं खोबरं आणि जिरं वाटून, चिंच, गोडा मसाला आणि मोठा चमचाभर पुरण घालून आमटी उकळा. ती पातळच हवी. आईनं वाढताना पळी तळापासून ढवळून घेतली का, तेही बघा. वाटण खाली बसतं.