सैल झालेलं पुरण कसं सावरलं

होळीच्या सकाळी आम्ही चौघी येऊरला फिरायला गेलो. पळस आणि सावर इतके फुलले होते की पाय निघेना. घरी यायला उशीर झाला आणि त्या घाईत मी घोळ केला. अर्धा किलो हरभऱ्याची डाळ शिजली, पण कट नीट निथळू न देताच तेवढाच गूळ घातला. गूळ विरघळला की पाणी सुटतंच, त्यात हे डाळीचं पाणी. पुरण खिरीसारखं झालं, आणि मैत्रिणी पोळपाट मांडून बसलेल्या!

"अगं, थोडी कणीक घाल त्यात," एक म्हणाली. मी नको म्हटलं, कच्चट चव राहते. त्याऐवजी सगळं पुरण जाड बुडाच्या पसरट कढईत काढलं आणि मध्यम आचेवर ढवळत राहिले. पसरट भांड्यातून वाफ लवकर निघून जाते. हात थांबला की बुडाला लागतं, म्हणून आळीपाळीने ढवळलं. पुरण उडून चटके बसतात. कालथा लांब दांड्याचाच घ्या. वीसेक मिनिटांनी कालथा पुरणात उभा राहिला, तेव्हा गॅस बंद केला. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं, त्यामुळे त्यापुढे आटवू नका. वेलची-जायफळ घालून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढलं.

पहिली पोळी फुटली. दुसरीपासून सगळ्या टम्म फुगल्या. कट कमी निघाल्यामुळे आमटी मात्र वाटीभरच वाट्याला आली, त्याची अजून हळहळ वाटते.