नहराच्या पारीवरून सायकल: निघायच्या आधी काय काय बघायचं

ट्रकच्या हॉर्नखाली हायवेवर सायकल चालवून ज्यांचा जीव विटला असेल त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. विदर्भात नहरांच्या (कालव्यांच्या) पारीवरून, म्हणजे काठाच्या बांधावरून, मुरमाचे रस्ते आहेत, शेतातून पांदण रस्ते आहेत, आणि तिथं गाड्या जवळजवळ नसतातच. नहरात पाणी उताराने आपोआप वाहायला पाहिजे म्हणून तो जमिनीचा चढउतार टाळत वळत वळत जातो, त्यामुळे पारीवर चढ म्हणून लागत नाही, नवीन माणूसही आरामात 40 किमी मारू शकतो. इंग्लंडात कालव्याकाठच्या वाटा घोड्यांनी बोटी ओढाव्या म्हणून झाल्या, आपल्याकडच्या सिंचन खात्याच्या जीपसाठी आणि शेतकऱ्याच्या बैलबंडीसाठी आहेत, म्हणून तयारी पण आपल्या हिशेबाने करावी लागते. आणि माझं म्हणणं एवढंच की सायकल कोणती घेऊ हा प्रश्न शेवटी येतो, आधी महिना, मग माती, मग काटे.

महिना म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस. मार्चच्या मधापासून ऊन चटके देते आणि मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा सावली नसलेल्या पारीवर जाणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं आहे. पावसाळ्यात तर काळ्या मातीकडे बघायचंच नाही. ही माती ओली झाली की फुगते, चिकटते, दहा-वीस मीटरमध्ये चाक आणि फोर्कच्या मधात गच्च भरते आणि सायकल जाम. जोर लावून पायडल मारलं तर डिरेलरचा (मागच्या गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो सायकलला धरून ठेवणारी छोटी पट्टी, तुटतो, म्हणून आपल्या सायकलचा एक जास्तीचा हँगर बॅगेत ठेवाच, तो गावात काय, तालुक्यातही मिळत नाही. अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर कडक ऊन पडून वाट सुकेपर्यंत थांबा, किंवा फक्त मुरमाची पार धरा, मुरूम पाणी लवकर सोडतो. उन्हाळा लागला की हीच माती फाटते आणि भेगांत पुढचं चाक अडकतं, तेव्हा पांदणीत नजर खाली ठेवा.

आता काटे, यावर मी जरा जास्त बोलणार कारण इथंच सगळ्यांची राईड बसते. पारीच्या दोन्ही बाजूनं येडी बाभूळ असते, शेतकरी कुंपणाला बाभळीच्या आणि बोरीच्या काट्या टाकतात, त्या वाहून नेताना वाटेत सांडतात, आणि पावसाळा संपला की सराटे सुकून कडक होतात. म्हणजे सायकलचा जो चांगला सीझन तोच काट्यांचा सीझन. त्यामुळे 38 ते 45 मिमीचे ट्यूबलेस टायर असतील तर सगळ्यात बरं, आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) भरपूर, आणि आपल्याकडच्या उष्णतेत तो लवकर वाळतो म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघायचा. ट्यूबवाले असाल तर आत लायनर (टायर आणि ट्यूबच्या मधातली काटे अडवणारी पट्टी) टाका, दोन ट्यूब आणि पॅचचं किट घ्या, आणि पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा सापडेपर्यंत नवी ट्यूब टाकू नका. हवा डांबरावरच्यापेक्षा कमी, साधारण सत्तर किलोच्या माणसाला 40 मिमीच्या टायरमध्ये 35 पीएसआयच्या आसपास, ट्यूब असेल तर थोडी जास्त. वॉल्व बारीकवाला असेल तर पितळेचा छोटा अॅडाप्टर खिशात पाहिजे, गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप मोटरसायकलच्या वॉल्वचा असतो. महागडी ग्रॅव्हल बाईक (कच्च्या वाटेसाठीची सायकल) नसेल तर नसू द्या, साधी एमटीबी (जाड टायरची माउंटन बाईक) चालते, फक्त ब्रेक पॅड बघा आणि चेनला धूळ न धरणारं ड्राय ल्यूब (कोरडं वंगण) लावा.

पाणी तीन लिटर, कमी नको, कारण पारीवर मैलोन् मैल दुकान नसतं. नहराचं पाणी प्यायचं नाही, त्यात शेतातून वाहून आलेलं सगळं असतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले, हे आपण कोणीच विसरू नये, म्हणून कुठं फवारणी चालू दिसली तर वारा कोणीकडून आहे ते बघून लांब थांबा किंवा मागे फिरा. ओआरएसची पाकिटं ठेवा, नसली तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट. खायला ज्वारीची भाकर, शेंगदाण्याची चटणी, गूळ. मोर्शीकडे गेलात तर संत्री बागेतूनच विकत घ्या पण झाडाला हात लावायच्या आधी विचारा.

नहरात पाणी सोडलेलं आहे का हे जाण्याआधी गावात कोणालाही विचारलं तरी कळतं, रब्बीच्या पाळीत नहर भरून वाहतो. काठ सिमेंटचे, तिरपे, शेवाळलेले. हातपाय धुवायला खाली उतरू नका, घसरलं तर पोहणारा माणूसही वर येऊ शकत नाही, पकडायलाच काही नसतं. फारच गरज असेल तर बांधलेल्या पायऱ्या शोधा. पोरं सोबत असतील तर त्यांना शेताच्या बाजूनं चालवा, स्वतः पाण्याच्या बाजूनं.

मार्ग कोणता? पेंचचा नहर नवेगाव खैरीच्या धरणातून निघून रामटेक-मौद्याकडे धानाच्या बांध्यांमधून जातो, नागपूरकरांना तो सोयीचा. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धाचं धरण आहे. गोसेखुर्दचा उजवा कालवा जवळजवळ 100 किमी लांब, पवनीकडून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आसोलामेंढा तलावापर्यंत, पण हा वाघांचा मुलूख आहे हे ध्यानात ठेवा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली या पट्ट्यात जंगलालगत पहाटे आणि संध्याकाळी सायकल नाही म्हणजे नाही, एकट्याने तर नाहीच, आणि वनरक्षकाला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका, त्याला कालचे पगमार्क (वाघाच्या पावलांचे ठसे) माहीत असतात. सॅटेलाइट नकाशात आधी वाट बघून ऑफलाइन सेव्ह करा, कारण मधेच पूल नसणे, गेट बंद असणे, झुडपांनी वाट बुजणे हे होतं. अशा ठिकाणी शेतातून शॉर्टकट मारायचा नाही, वाहून गेलेल्या जागी सायकल उचलून पलीकडे न्या.

लोकांचं पण तयारीतच धरा, कारण ही वाट त्यांच्या कामाची आहे, आपण पाहुणे. बैलबंडी समोरून आली तर उतरून बाजूला उभे राहा, घंटी वाजवू नका, बैल बुजतात. कापूस वेचायला चाललेल्या बाया दिसल्या तर हळू व्हा. कोणी सोयाबीन किंवा तूर वाळत घातली असेल रस्त्यावर, तर बाजूनं ढकलत जा, त्यावरून चाक नेऊ नका, ते त्यांच्या वर्षाचं पीक आहे. "काकाजी, ही वाट पुढं निघते का?" एवढं विचारलं की अर्धा तास बोलणं होतं आणि नकाशात नसलेली पांदण कळते.

शेवटचं आणि महत्त्वाचं, परत फिरायची वेळ. डिसेंबरात नागपूर भागात साडेपाचच्या आसपास सूर्य बुडतो, त्यामुळे तीन वाजता कुठं आहोत ते बघून परत वळा. अंधार पडला की रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) शेतात शिरतात, आणि त्यांना अडवायला काही ठिकाणी कुंपणात झटका मशीन (तारेला हलका विजेचा झटका देणारं यंत्र) असते, काही ठिकाणी चोरून थेट करंट सोडलेली तार असते, ती अंधारात दिसत नाही आणि माणूस मरतो. पुढचा-मागचा लाइट चार्ज केलेला पाहिजेच. घरी गावांची नावं लिहून ठेवा, "नहरानं जातो" एवढं सांगून काम होत नाही. पारीवर किलोमीटरचे दगड असतात, त्यावरचा आकडा आणि जवळचं गाव फोनमध्ये टिपत राहा, म्हणजे काही झालं तर 108 ला ॲम्ब्युलन्ससाठी नेमकी जागा सांगता येते, आणि फोन पॉवर बँकेसकट घ्या कारण जंगलाच्या कडेला नेटवर्क शोधत फोन लवकर संपतो.