जुन्या वैद्यकग्रंथांतील परदेशी वनस्पतींची ओळख कशी ठरवावी

जुन्या वैद्यकग्रंथात परदेशाहून येणाऱ्या वनस्पतीचे नाव आढळले, की कोशात दिलेले पहिले शास्त्रीय नाव उतरवून घेण्याची घाई करू नये. आधी ग्रंथाचा काळ, वनस्पतीचा कोणता भाग वापरायचा आणि कोणत्या रोगावर, हे टिपून ठेवावे.

उदाहरणार्थ ‘द्वीपांतरवचा’ घ्या. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदग्रंथात हे नाव चोपचिनी या चीनहून येणाऱ्या मुळासाठी येते आणि ती फिरंगरोगावर (उपदंश, म्हणजे सिफिलिसवर) सांगितली आहे. नावात ‘वचा’ असली तरी वेखंडाशी तिचे काहीही नाते नाही. वेखंडाचा कंद उग्र वासाचा, तर चोपचिनीला जवळजवळ वासच नसतो. ‘द्वीपांतर’, ‘पारसीक’, ‘खुरासानी’ ही विशेषणे बहुधा माल कोणत्या वाटेने आला एवढेच सांगतात, ती वनस्पती तिथेच उगवते असे नव्हे.

यानंतर त्याच काळातील दुसरा साक्षीदार शोधावा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात चीनहून येणाऱ्या या मुळाची चर्चा केली आहे. त्याआधी १५४६ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ वेसालियसने याच मुळाच्या काढ्याविषयी लिहिलेले पत्र युरोपात छापून आले होते. रोग, काळ आणि व्यापार या तिन्ही गोष्टी जुळत असल्यामुळे ‘स्मायलॅक्स’ ही प्रजाती (genus) निश्चित मानता येते. मात्र ‘स्मायलॅक्स चायना’ ही जाती (species) ‘संभाव्य’ अशीच नोंदवावी, कारण ‘स्मायलॅक्स ग्लाब्रा’चे कंदही चोपचिनी म्हणून विकले जातात आणि सह्याद्रीतील घोटवेल याच प्रजातीतली आहे.

स्थानिक पर्यायाची नोंद वेगळी ठेवावी. मूळ अक्कलकारा उत्तर आफ्रिकेकडचा, त्याचे मूळ वापरतात. आपल्याकडे त्याच नावाने ओळखली जाणारी पिवळ्या बोंडांची वनस्पती निराळी आहे. दोन्ही चावल्यावर जीभ बधिर होते, आणि नाव एकीकडून दुसरीकडे गेले ते बहुधा या गुणामुळेच.

शेवटी नमुना पाहावा. काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेला तुकडा वनस्पतिसंग्रहालयातील नमुन्याशी, शक्यतो सूक्ष्मदर्शकाखाली, तज्ज्ञाकडून ताडून घ्यावा. ओळख पटेपर्यंत, आणि पटल्यावरही वैद्याच्या सल्ल्यावाचून, काहीही पोटात घेऊ नये: खुरासानी ओवा नावाने ओवा असला तरी तो धोत्र्याच्या कुळातला आहे आणि विषारी आहे.